‘हातउसने’ या शब्दाआड

आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी एक कागद दाखवायला आणला होता. शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर, त्यावर टाइप केलेला मजकूर, खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. अमुक यांनी तमुक यांच्याकडून घरगुती अडचणीसाठी सहा लाख रुपये हातउसने घेतले असून एका वर्षाच्या आत ते बिनव्याजी परत करण्याचे कबूल केले आहे, असा मजकूर. कागद पाहून कुणालाही वाटावे, की यात काळजी करण्याजोगे आहे तरी काय? पण गृहस्थांचा चेहरा पार उतरलेला होता. कारण कागदावरचे सहा लाख खरे होते, प्रॉव्हिडंट फंडातले होते. कागदावरची ‘घरगुती अडचण’ मात्र साफ खोटी होती. पैसे दिले होते ते मुलाला एका शिक्षणसंस्थेत नोकरीला लावून देण्यासाठी. संस्थाचालकांच्या ऊठबशीतला म्हणवणारा एक मनुष्य घरी येऊन चहा पिऊन गेला आणि जाताना म्हणाला, ‘काका, काम नाही झाले तर कागद आहेच की तुमच्याकडे.’ काम झाले नाही. आता खरोखरच कागद तेवढा होता.

‘दावा लावला तर पैसे मिळतील का?’ हा त्यांचा प्रश्न. प्रश्न सरळ वाटतो, उत्तर सरळ नाही. कागदात लिहिले आहे तेच कोर्टात सांगायचे, तर शपथेवर खोटे बोलावे लागणार. खरे सांगायचे, तर आपण नोकरीसाठी पैसे चारले हे आपल्याच तोंडाने कबूल करावे लागणार. समोरचा मनुष्य तर टपूनच बसलेला. तो न्यायाधीशांना नम्रपणे सांगणार, की महाराज, हा व्यवहार हातउसन्याचा नव्हताच, बेकायदा होता, तेव्हा हा दावा फेटाळावा. ज्याने पैसे खाल्ले तोच कायद्याचा पुळका घेऊन उभा राहणार.

असे गृहस्थ आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत एकतरी असतात. कुणी नोकरीसाठी दिलेले असतात, कुणी प्रवेशासाठी, कुणी सट्ट्यातल्या मित्राला, कुणी ‘महिना पाच टक्क्याने’ म्हणून गल्लीत फिरवायला. व्यवहार उघडकीला येत नाहीत, कारण दोन्हीकडच्यांना तोंड उघडण्याची चोरी असते. बेकायदा करारापायी दिलेले पैसे परत मागता येतात का, हा प्रश्न म्हणूनच कायद्याच्या पुस्तकातला कमी आणि घराघरातला जास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना न्यायाधीशांचीही गेली अडीचशे वर्षे कशी दमछाक झाली आहे, हे पाहण्यासारखे आहे.

आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याचे तेविसावे कलम सांगते, की ज्या कराराचा हेतू किंवा मोबदला कायद्याने निषिद्ध आहे, फसवणुकीचा आहे, अनीतीचा आहे किंवा लोकहिताच्या विरुद्ध आहे, तो करार रद्दबातल. इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढे. करार रद्द झाला, ठीक. पण त्यापोटी हातातून गेलेले पैसे कुणाचे?

यामागचे तत्त्व इंग्लंडातून आले आणि त्याच्या जन्माच्या कथा मोठ्या मजेदार आहेत. १७२५ साली दोन वाटमाऱ्यांचा एक खटला लंडनच्या कोर्टात आला. दोघांनी भागीदारीत लुटालूट केली होती आणि एकाची तक्रार अशी, की दुसरा हिशेब नीट देत नाही! अर्थात अर्जात ‘लुटालूट’ हा शब्द नव्हता. धंद्याचे वर्णन मोठ्या सभ्य भाषेत केले होते, आमच्या गृहस्थांच्या ‘घरगुती अडचणी’सारखेच. कोर्टाने दावा फेटाळला, तो आणणाऱ्या वकिलांना दंड ठोठावला, आणि पुढे ते दोघे वाटमारेही फासावर गेले अशी नोंद आहे.

पुढे १७७५ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी या विचाराला तात्त्विक रूप दिले. ज्याला आपला हक्क सांगताना स्वतःच्याच दुष्कृत्याचा आधार घ्यावा लागतो, त्याला न्यायालय मदत करणार नाही, असे ते तत्त्व. मॅन्सफिल्ड यांनी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली होती. अशा वेळी प्रतिवादीचा बचाव कानाला अतिशय वाईट वाटतो, हे त्यांना दिसत होते. त्याचा फायदा होतो तो त्याच्या पुण्याईने नव्हे, तर न्यायालय वादीला हात देत नाही म्हणून. दोघेही सारखेच दोषी असले, की ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्याच हाती तो राहतो. गंमत अशी, की ज्या खटल्यात हे तत्त्व सांगितले गेले, त्यात फिर्यादी जिंकला होता. डंकर्कच्या त्या व्यापाऱ्याने चहा विकला होता. घेणारा तो इंग्लंडात चोरून नेणार हे त्याला ठाऊक होते. पण चोरटेपणात त्याचा स्वतःचा हात नव्हता. त्याचा व्यवहार फ्रान्सच्या भूमीवर पुरा झाला होता. म्हणजे नुसते ठाऊक असणे आणि सामील असणे यांत फरक आहे, ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून झाली होती. पुढच्या पिढ्यांतील वकिलांनी तत्त्व तेवढे पाठ केले आणि निकाल विसरले.

ठाऊक असणे आणि सामील असणे यांतली ही रेघ आपल्या मुंबईने मात्र वेगळ्या जागी ओढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईचे व्यापारी कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय भाव येईल यावर पैजा लावत. अशा पैजेचा एक खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ साली कौन्सिलने पैज वैध ठरवली. त्याच वर्षी सरकारने कायदा करून पैजेचे करार रद्दबातल केले. लोकांनी लगेच पळवाट काढली. पैजेचा दावा लावता येत नाही ना, मग पैजेसाठी दिलेल्या कर्जाचा लावू, दलालीचा लावू! अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचे वेड शिगेला पोचले आणि १८६५ साली सारा डोलारा कोसळला. त्याच साली मुंबई इलाख्यासाठी खास कायदा झाला. नुसती पैजच नव्हे, तर पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला प्रत्येक करार त्याने रद्द केला. सट्टा खेळायला मित्राला जाणूनबुजून उसने दिलेले पैसे मुंबईत कोर्टातून परत मिळत नाहीत, ते तेव्हापासून.

इतर प्रांतांत असा कायदा नव्हता. म्हणून १९५९ साली घेरूलाल पारख यांच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निकाल दिला. तो खटला बंगालकडचा; दोन भागीदारांनी हापूडच्या व्यापाऱ्यांशी वायद्याचे सौदे केले, तोटा आला, एकाने तो चुकता केला आणि दुसऱ्याकडे निम्मा वाटा मागितला. दुसरा म्हणाला, ‘हा तर जुगार, मी देणे लागत नाही.’ न्यायालयाने सांगितले, की पैजेचा करार रद्दबातल आहे, पण तो बेकायदा नाही. कायदा त्याला मदत करत नाही, पण त्याला गुन्हाही म्हणत नाही. तेव्हा त्याच्या अनुषंगाने केलेला भागीदारीचा करार टिकतो. ‘रद्दबातल’ आणि ‘बेकायदा’ हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. त्यांच्यातले अंतर असे हजारो रुपयांचे असते. तोच तोटा मुंबईत आला असता, तर त्या भागीदाराला हात हलवत परतावे लागले असते.

आता आपल्या मातीतल्या विषयाकडे वळू. महाराष्ट्रात ‘बेकायदा कर्ज’ म्हटले, की डोळ्यांसमोर सट्टेबाज येत नाही, सावकार येतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. ही दंगल पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे, की जमाव माणसांवर फारसा तुटून पडला नाही. त्याला हवे होते ते कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे बाहेर काढायचे आणि जाळून टाकायचे. खोट्या कागदाची ताकद काय असते, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला एक मोठा अधिकार दिला. कागदावर काय लिहिले आहे ते न पाहता व्यवहार मुळात कसा सुरू झाला, खरे मुद्दल किती आणि व्याजाचे व्याज किती, हे तपासण्याचा तो अधिकार. इंग्रजी कायद्याचा सगळा भर कागदावर असताना हे पाऊल धाडसाचे होते.

पुढे मुंबई प्रांताने १९४६ साली सावकारी कायदा केला आणि परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात कोर्टाने हुकूमनामा देऊ नये असे ठरवले. त्याच्या जागी महाराष्ट्रात २०१४ साली नवा कायदा आला. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची पार्श्वभूमी त्याला होती. त्यातही मुख्य कलम तेच आहे. परवाना नसताना सावकारीचा धंदा करणाऱ्याला कोर्टातून वसुली नाही. मुद्दलही नाही! वर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद. शिवाय व्याजाची रक्कम मुद्दलाहून जास्त वसूल करता येणार नाही, हा आपला जुना दामदुप्पटीचा नियम परवानाधारक सावकारालाही लागू.

या कायद्यातील सर्वांत कामाचे कलम मात्र वेगळे आहे आणि ते पुरेसे लोकांना ठाऊक नाही. आपल्याकडचा बेकायदा सावकार गहाणखत करून घेत नाही. तो सरळ खरेदीखत करून घेतो. ‘नुसता विश्वासासाठी कागद, पैसे दिलेस की जमीन परत नावावर करून देतो,’ असे सांगतो. सात-बारावर त्याचे नाव लागते आणि शेतकरी स्वतःच्याच बांधावर उपरा होतो. नव्या कायद्याप्रमाणे जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयात, अर्ज करता येतो. चौकशीत ती जमीन सावकारीच्या व्यवहारापोटीच गेली असे दिसले, तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन कर्जदाराला परत देण्याचा हुकूम तो अधिकारी देऊ शकतो. नोंदणीकृत दस्त असला तरीही. १८७९ च्या कायद्याचा आत्मा इथे पुन्हा दिसतो. कागदामागे काय दडले आहे ते पाहा, असे कायदाच सांगतो.

इथे काही वाचकांच्या मनात शंका येईल. कर्जदाराने पैसे तर घेतले होते ना? ते वापरलेही असतील. मग जमीन परत आणि पैसेही त्याच्याकडेच, हा कुठला न्याय? शंका रास्त आहे. पण परवाना नसलेल्या सावकाराला ‘निदान मुद्दल तरी’ मिळवून द्यायचे ठरवले, तर धंद्यातला सारा धोका संपतो. सापडला नाही तर शेकडा साठ, सापडला तरी मुद्दल शाबूत. मग परवाना काढतो कोण? सिंगापूरच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. तिथे कर्जाला नफावाटपाच्या कराराचा मुखवटा चढवला होता. मुखवटा काढल्यावर खाली विनापरवाना सावकारी निघाली. न्यायालयाने कराराखाली तर नाहीच, पण ‘समोरच्याने फुकट लाभ उकळला’ या दुसऱ्या दारानेही पैसे परत देण्याचे नाकारले. समोरच्या दाराला कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवायचे, तर कायदा केला तरी कशाला, हा त्यातला युक्तिवाद. सावकारीपुरता तो आम्हाला पूर्णपणे पटतो.

सध्या लोकांच्या मनात मात्र एक उगाचची भीती शिरली आहे. बहिणीला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला अडीअडचणीला पैसे दिले, तर आपणही बेकायदा सावकार ठरणार काय? नाही. कायदा ‘सावकारीचा धंदा’ म्हणतो. धंद्याला सातत्य लागते, पद्धत लागते. एकदोन वेळा ओळखीच्या माणसाला दिलेले हातउसने म्हणजे धंदा नव्हे, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. पण ओळखीचे दहाजण, प्रत्येकाला महिन्याच्या व्याजाने, कोऱ्या चेकवर सही घेऊन, असे सुरू झाले, की ‘मी आपला मदत करतो हो’ हे वाक्य कोर्टात टिकत नाही. मग चेक परत आल्याची फिर्यादही टिकणे कठीण, कारण ती फिर्याद कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्यासाठीच असते.

दुसरी भीती रोखीची. १९६१ च्या आयकर कायद्याने वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास मनाई केली होती आणि तितक्याच रकमेचा दंड ठेवला होता. मनाई घेणाऱ्याला, दंडही घेणाऱ्याला. पण प्रत्यक्षात पैसे बुडवणाऱ्यांनीच या कलमाची ढाल केली. ‘पैसे रोखीत दिले, आयकराच्या विवरणात दाखवले नाहीत, म्हणून देणेच बेकायदा,’ हा बचाव कोर्टाकोर्टांतून होऊ लागला. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी बेहिशेबी रोखीच्या बाबतीत तो मान्यही केला. पुढे गोव्यातील खंडपीठाने वेगळे मत दिले, नागपूरला २०२३ मध्ये दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न निकालात काढला, तरी इतरत्र वाद चालूच राहिला. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये, गोव्यातल्याच सहा लाखांच्या एका चेकच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की रोखीच्या कलमाचा भंग झाला तर दंड होईल. कर्ज त्यामुळे बेकायदा ठरत नाही आणि बुडतही नाही. हा निर्णय फार मोलाचा आहे. कायद्याचा कुठलातरी नियम मोडला गेला, एवढ्यावरून सगळा व्यवहार विषारी ठरवू नये, तो नियम कशासाठी केला होता ते आधी पाहावे, अशी त्याची दिशा आहे.

हीच दिशा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका बिहारी भाडेकरूच्या खटल्यात दाखवली होती. जागा मिळावी म्हणून भाडेकरूने घरमालकाला दोन हजार रुपये कर्जाऊ दिले. ते भाड्यातून वळते करायचे ठरले. भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे असे पैसे घेणे निषिद्ध. पुढे मालकाने भाडे थकले म्हणून घर खाली करण्याचा दावा लावला आणि ‘ते कर्ज बेकायदा होते, म्हणून वळते करता येणार नाही’ असे म्हटले. स्वतः घेतलेल्या पैशांना स्वतःच बेकायदा म्हणायचे! न्यायालयाने हे चालू दिले नाही. डोक्यावर छप्पर हवे म्हणून अडलेला भाडेकरू आणि त्याच्या अडचणीचे पैसे करणारा मालक यांना एकाच पारड्यात घालता येत नाही, कायदा ज्याच्या रक्षणासाठी केला त्याच्याच गळ्याला तो फास म्हणून लावता येत नाही, असे त्या निकालाचे सार. मुंबईकरांना ही गोष्ट अधिक कळेल. १९४७ च्या भाडे कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवला होता आणि त्यानंतरची पन्नास वर्षे पागडीवाचून एक खोली कुणाला मिळत नव्हती. किती कुटुंबांनी दागिने मोडून बिनपावतीचे पैसे दिले असतील, याची गणती नाही. मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडी वैध केली, पण तोवर दोन पिढ्यांनी कायदा मोडल्याची धास्ती मनात बाळगून संसार केले होते.

तेव्हा ‘दोघेही सारखेच दोषी’ या वाक्यातला ‘सारखेच’ हा शब्द तपासून घ्यायला हवा. आपले सर्वोच्च न्यायालय साठच्या दशकाच्या अखेरीस म्हणून गेले आहे, की या नियमाला तीन अपवाद आहेत. बेकायदा हेतू अजून मोठ्या प्रमाणात तडीला गेलेला नसेल, किंवा वादी दुसऱ्याइतका दोषी नसेल, किंवा आपला हक्क सांगताना त्याला बेकायदेपणाचा आधार घ्यावाच लागत नसेल, तर पैसे मागता येतात. दुसऱ्या बाजूला करार कायद्याचे पासष्टावे कलम. करार रद्द असल्याचे ‘आढळून आले’, तर मिळालेला लाभ परत करावा, असे ते म्हणते. पण १९७४ च्या एका खाणपट्ट्याच्या खटल्यात न्यायालयाने ‘आढळून आले’ या शब्दांवर बोट ठेवले. ज्यांना पहिल्यापासूनच ठाऊक होते, त्यांना नव्याने काय आढळणार? खाणधंद्यात मुरलेली, हाताशी वकील असलेली कंपनी अज्ञानाचा आव आणू शकत नाही, म्हणून तिला पैसे नाकारले. कंपनीच्या बाबतीत हे योग्यच झाले. पण खाणकंपनीला लावलेली फूटपट्टी निवृत्त कारकुनालाही लावायची काय?

इंग्लंडातही हा गुंता सुटायला २०१६ साल उजाडावे लागले. त्याआधी तिथे न्यायालये किती कडक होती, याचे उदाहरण महायुद्धातले आहे. मोनॅकोत अडकून पडलेल्या एका ब्रिटिश बाईंनी एका डच गृहस्थाकडून फ्रँक उसने घेतले आणि पौंडांत फेडण्याचे वचन दिले. युद्ध संपल्यावर त्या गृहस्थाने पैसे मागितले, तेव्हा बाईंच्या बाजूने सांगण्यात आले, की युद्धकाळात ब्रिटिश नागरिकाला परकीय चलन कर्जाऊ घेण्यास बंदी होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५० मध्ये हा बचाव मान्य केला. नियम मोडला बाईंनी, आणि नुकसान झाले ते अडीनडीला उपयोगी पडलेल्या माणसाचे.

२०१६ चा खटला ‘पटेल विरुद्ध मिर्झा’ या नावाने ओळखला जातो. एकाने दुसऱ्याला सहा लाख वीस हजार पौंड दिले ते एका बँकेच्या शेअरच्या भावावर पैज लावण्यासाठी, आणि तीही आतल्या गोटातली बातमी मिळणार या भरवशावर. असा व्यवहार हा इंग्लंडात गुन्हा आहे. बातमी आलीच नाही, पैज लागली नाही, आणि पैसे घेणाऱ्याने ते परतही केले नाहीत. खालच्या कोर्टाने जुन्या पुस्तकाप्रमाणे हात झटकले. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश बसले आणि सर्वांनी पैसे परत देण्याच्या बाजूने कौल दिला; कारणांबाबत मात्र त्यांच्यात बरेच मतभेद झाले. बहुमताच्या वतीने लॉर्ड टूलसन यांनी जे सांगितले ते सोप्या भाषेत असे. मोडलेल्या कायद्याचा हेतू काय होता, दावा फेटाळल्याने तो हेतू साधतो का, आणि फेटाळण्याची शिक्षा अपराधाच्या मानाने अवाच्या सवा तर होत नाही ना, हे पाहा. पैसे परत करायला लावणे म्हणजे बेकायदा करार पार पाडणे नव्हे. उलट तो झालाच नव्हता अशा स्थितीत दोघांना नेऊन ठेवणे होय.

आम्हाला हा विचार आपल्याकडच्या १९८६ च्या निकालाचा सख्खा भाऊ वाटतो. भाडेकरूच्या बाबतीत जे आपल्या न्यायालयाने सहज ओळखले, ते नोकरीसाठी नाडल्या गेलेल्यांच्या बाबतीत ओळखायला काय हरकत आहे? अर्थात विरोधी बाजूही हलकी नाही. नोकरीसाठी दिलेला पैसा हा केवळ दोन माणसांतला व्यवहार नसतो. गुणवत्तेच्या यादीत वर असलेल्या आणि खिसा रिकामा असलेल्या तिसऱ्याच एका मुलाचा हक्क त्यात मारला जातो. त्या मुलाचा बाप कुठल्याच दाव्यात पक्षकार नसतो. ‘काम नाही झाले तर कोर्ट पैसे परत देईल’ अशी हमी मिळाली, तर लाच देणे हा बिनधोक जुगार होईल, असेही कुणी म्हणेल. सावकाराला मुद्दल नाकारताना आम्ही हाच युक्तिवाद वर उचलून धरला आहे, त्यामुळे तो इथे झटकून टाकता येणार नाही. फरक करायचाच तर एवढाच, की सावकार हा धंदा पुन्हापुन्हा करतो, पैसे खाणारा दलालही पुन्हापुन्हा करतो, आणि बाप आयुष्यात एकदा करतो. दावा फेटाळला, की जरब बापाला बसते. दलालाला उलट उत्तेजन मिळते, कारण बुडवलेला पैसा कधीच परत करावा लागत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने हा प्रश्न आणखी तिखट केला आहे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी त्या कायद्याच्या व्याख्येत लोकसेवक आहेत. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. ज्याला जबरदस्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपासयंत्रणेकडे तक्रार केली तरच सुटका. सात दिवस! नोकरीची ऑर्डर ‘पुढच्या महिन्यात’ येणार म्हणून वाट पाहणाऱ्याचे सात दिवस पेढ्यांचा हिशेब करण्यातच जातात.

आमच्या त्या गृहस्थांना घेऊन आम्ही एका जाणत्या वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा. उसन्या पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. वर्षाचा वायदा संपून अडीच वर्षे होत आली होती. त्यातली दोन वर्षे ‘काका, दिवाळीनंतर नक्की’ आणि ‘काका, निवडणूक होऊ द्या’ यांत गेली होती. वकील म्हणाले, ‘दावा उसनवारीचा लावता येईल. पण समोरून विचारतील, पैसे कशासाठी दिले? तुम्ही पिंजऱ्यात उभे असाल. मी तुम्हाला खोटे बोला म्हणून सांगणार नाही. आणि खरे बोललात तर निकाल काय लागेल हे मी आज लिहून देऊ शकत नाही. दुसरा रस्ता फसवणुकीच्या फिर्यादीचा. तिथे खरे सांगावेच लागेल, आणि मग मुलाचे नावही कागदावर येईल.’

गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, ‘साक्षीदार म्हणून ज्यांच्या सह्या आहेत, त्यांनाही सगळे सांगावे लागेल का?’ त्या दोन साक्षीदारांपैकी एक त्यांचा सख्खा साडू होता, आणि त्यालाही आजवर घरगुती अडचण एवढेच ठाऊक होते.